एकादशीचे ताट आणि रताळ्याचे बेट

‘काका, इथल्या चहात साबुदाणा घालतात. आज एकादशी आहे. चालेल का?’

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. हा निरोप सकाळी मोबाइलवर आला तेव्हा सिन्नरमध्ये आठ वाजले होते आणि तिकडे तैवानात साडेदहा. विचारणारी मुलगी आमच्या गल्लीतली, माळकरी घरातली. वडिलांचे मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत लेथचे छोटे वर्कशॉप आहे. इंजिनियरिंगची परीक्षा आटोपून ती उन्हाळी इंटर्नशिपसाठी तैवानच्या शिंचू शहरातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली होती. सोबत वर्गातली मैत्रीण होती. तिच्या घरी तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात कांदा पिकतो आणि तिला खाण्यापिण्याचे कसलेही बंधन नाही. दोघींच्या सांगण्यावरून नावे लिहीत नाही.

मी यांचा नात्याने कोणी नव्हे. व्यवसाय दुकानांचे हिशेब लिहिण्याचा, पण गेली वीस वर्षे रविवारी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून खाण्याच्या वस्तूंच्या इतिहासाची टिपणे काढतो, हे गल्लीला ठाऊक आहे. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तो दिसायला होय-नाहीचा होता, पण त्याचा माग काढता काढता दिवाळी आली. त्या साडेतीन महिन्यांत दोघींनी पाठवलेले फोटो, आवाजी निरोप, दुकानांच्या पाट्या आणि माझी जुनी टिपणे शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते इथे मांडतो आहे.

सिन्नरच्या शेतकऱ्याला तैवान हा शब्द नवा नाही. पण त्याच्या लेखी ते देशाचे नाव नाही, वाणाचे आहे. ‘तैवान लावलीय’ म्हणजे रेड लेडी ७८६ पपई लावलीय. हे बियाणे काओशुंगच्या नोन-यू सीड या कंपनीचे. अलीकडे ‘तैवान पिंक’ पेरूच्या बागाही आपल्याकडे वाढल्या आहेत. हे बेट क्षेत्रफळाने नाशिक जिल्ह्याच्या सव्वादोनपट असेल, लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या पुढे. तिथले शिक्षण मंत्रालय ‘टीप’ नावाच्या योजनेतून परदेशी विद्यार्थ्यांना काही महिन्यांसाठी तिथल्या विद्यापीठांत उमेदवारी करू देते. शिंचूला १९८० साली विज्ञान उद्यान स्थापन झाले आणि जगाला लागणाऱ्या चिप्सचे ते एक मोठे केंद्र बनले. त्यामुळे आपली मुले तिकडे जातात ती सेमीकंडक्टर शिकायला. खाण्याचा विचार विमानतळावर उतरल्यानंतर सुरू होतो.

आता प्रश्नाकडे. एकादशीला काय चालते याचे शास्त्र तसे थोडक्यात आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, अशा अर्थाचा श्लोक महाभारताच्या उद्योगपर्वात येतो. निषेध आहे तो अन्नाचा, म्हणजे धान्याचा. ही चौकट हाती घेऊन आपले आजचे उपासाचे ताट तपासावे. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. शेजारी रताळ्याचा कीस, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. यातले साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि रताळे हे पाचही जिन्नस मुळात अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी पंढरीच्या वारकऱ्याने यातले काहीही पाहिलेले नव्हते. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या उपासाला यातले काहीच नव्हते.

ताटात अस्सल जुनी अशी एकच वस्तू उरते, ती भगर. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर वरई पिकते आणि नाशिकच्या गिरण्यांतून ती भगर होऊन राज्यभर जाते. गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राने पाहिले तर या ताटातले खरेखुरे धान्य तेवढे तीच आहे. शेंगदाणाही कडधान्याच्या कुळातला, तुरीचा चुलतभाऊ. पण तो जमिनीखाली येतो, म्हणून कंदमुळांच्या पंगतीत बसला. शास्त्राने ‘मूळ’ म्हणून एक जागा मोकळी ठेवली होती. परदेशातून जे जे जमिनीखालचे आले ते त्या जागेवर येऊन बसले, कोणी हरकत घेतली नाही. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पाटावर आगंतुक बसावा आणि चार पिढ्यांनी त्यालाच यजमान समजावे, तसे हे झाले आहे.

साबुदाण्याची गोष्ट तर आजोबांच्या आठवणीत मावेल इतकी अलीकडची. मुळात सागो म्हणजे आग्नेय आशियातल्या सागू ताडाच्या खोडातले पीठ. नावही मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आलेले. ते पीठ बाहेरून येई. कसावा हा कंद पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला होता आणि १८८०च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी गरिबांच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातली आवक तुटली, तेव्हा १९४३च्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलमला माणिक्कम चेट्टियार आणि पोपटलाल शहा यांनी कसाव्याच्या पिठाचे दाणे पाडायला सुरुवात केली. आज आपण एकादशीला भिजत घालतो तो साबुदाणा प्रामुख्याने सेलमचा. म्हणजे आपली ‘परंपरागत’ खिचडी आजच्या रूपात फार तर ऐंशी वर्षांची.

तैवानच्या चहातले काळे मणीही याच कसाव्याच्या पिठाचे. पूर्वी तिथे असे मणी रताळ्याच्या पिठाचे करत आणि साखरेच्या पाण्यात घालून खात. १९८०च्या दशकात कोणीतरी ते थंड दुधाच्या चहात टाकले. तो कोणीतरी कोण, यावर ताइचुंगचे एक चहागृह आणि ताइनानचे दुसरे यांच्यात दहा वर्षे कोर्टकज्जा चालला. २०१९ साली न्यायालयाने सांगितले, की हे पेय कोणाच्या मालकीचे नाही, कोणीही करावे, तेव्हा पहिला कोण हे ठरवण्याचे कारण नाही. आपल्याकडे मिसळीबद्दल असा निकाल कोणी आणला तर बरे होईल.

पण एकच पीठ म्हणजे एकच पदार्थ नव्हे. एकादशीच्या आदल्या रात्री आमच्या मुलीने तिथल्या दुकानातून वाळलेले मणी आणून, आईच्या सवयीने पाण्यात भिजत घातले होते. सकाळी भांड्यात राखाडी पेज. याचे कारण कारखान्यात आहे. सेलमला कंद सोलून, वाटून, पाण्यात पीठ खाली बसवतात. अर्धवट ओल्या पिठाचे दाणे पाडतात आणि ते तापलेल्या तव्यांवर भाजतात किंवा वाफवतात. त्या उष्णतेने दाण्याच्या अंगाचे पीठ शिजून घट्ट होते आणि तो पाणी पिऊनही आकार सोडत नाही. चहाचे मणी असे आधी भाजलेले नसतात. त्यांना थेट उकळत्या पाण्यात सोडावे लागते, म्हणजे बाहेरचा थर क्षणात शिजून आतले पीठ धरून ठेवतो. गार पाणी लागले की ते विरघळतात.

आदर्शही उलटे. आपली खिचडी मोकळी हवी. दाणा दाण्याला चिकटला तर सून नवी आहे म्हणायचे. तैवानात मण्याने दाताला प्रतिकार करायला हवा, दाबला तर परत उसळायला हवा. या गुणाला ते लोक इंग्रजीतले ‘क्यू’ हे अक्षर वापरतात, आणि फारच छान असेल तर ‘क्यूक्यू’. मराठीत या गुणाला कौतुकाचा शब्दच नाही. आपण ‘चिवट’ म्हणू, ‘रबरासारखे’ म्हणू, म्हणजे तक्रार करू.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अखेर मी दिले नाही, तिच्या आजोबांनी दिले. त्यांच्या गळ्यात पन्नास वर्षांपासून माळ आहे. मी त्यांना निरोप वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘दूध आहे, साखर आहे, साबुदाणा आहे. चहा तर आपण इथंही पितो उपासाला. मग अडवायचं कशानं?’ एवढे बोलून ते हरिपाठाला बसले. मुलीने चहा घेतला. दुपारी तिथल्या किराणा-कम-सगळे-काही दुकानातून भाजलेले रताळे आणले. चोवीस तास उघड्या असणाऱ्या या दुकानांत दाराजवळच्या गरम खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली असतात. संध्याकाळी उकडलेल्या शेंगा. फोटो पाठवून तिने लिहिले, ‘घरापेक्षा सोपी एकादशी.’

शेंगेपाशी जरा थांबतो. मराठीत भुईमूग, म्हणजे भुईतला मूग. तैवानी बोलीत शेंगदाण्याला ‘तोदाव’ म्हणतात. ‘तो’ म्हणजे माती, ‘दाव’ म्हणजे शेंगभाजीचा दाणा. दोन भाषांचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही. तरी त्याच परक्या झाडाकडे पाहून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना तेच सुचले, कारण फूल वर आणि शेंग खाली हे दोघांच्याही डोळ्यांना नवल होते. याउलट ‘बटाटा’ पाहा. ‘बटाटा’ हे कॅरिबियन बेटांवरचे मुळात रताळ्याचे नाव. ते पोर्तुगीजांच्या जिभेवरून आपल्याकडे आले ते दुसऱ्याच कंदाला चिकटून. रताळ्याला आपण आपल्या जुन्या आळूच्या घराण्यातले नाव दिले, रक्तालू, लाल कंद. त्यामुळे बटाटा परका वाटतो आणि रताळे घरचे, आणि दोघेही आले त्याच गलबतांतून.

कांदेवाल्या मैत्रिणीने रात्रबाजारातल्या एका गाडीचा व्हिडिओ पाठवला. शेंगदाण्याच्या चिक्कीची भलीमोठी वडी, कारागीर रंध्यासारख्या हत्याराने तिच्यावरून हात फिरवतो आणि भुसा पाडतो. पोळीपेक्षा पातळ पापुद्र्यावर तो भुसा पसरायचा, वर आइस्क्रीमचे गोळे आणि त्यावर, होय, चिरलेली कोथिंबीर. गुंडाळी करून हातात. शेंगदाण्याचे कूट आणि कोथिंबीर हे आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचे जोडपे आइस्क्रीममध्ये भेटेल असे तिला वाटले नव्हते. शिंचूजवळच्या बेइपू गावात हक्का समाजाचे लोक शेंगदाणे, तीळ आणि चहाची पाने खलात कुटून गरम पाण्यात कालवतात. त्या चवीचे तिने एका शब्दात वर्णन केले, ‘आमटी.’

आता रताळे. या साऱ्या शोधात माझे मन सगळ्यात जास्त गुंतले ते इथे.

लुझोन बेटावर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोहून आणलेले रताळे वाढत होते आणि त्याचा वेल बाहेर नेण्यास मनाई होती. १५९३च्या सुमारास चेन झेनलोंग नावाच्या फूजियानच्या व्यापाऱ्याने जहाजाच्या दोरखंडात वेल पिळून तो घरी नेला, अशी कथा चीनमध्ये सांगतात. पुढे दुष्काळात त्या वेलाने प्रांत तगला. १६०३ साली चेन दी हा चिनी गृहस्थ तैवानात जाऊन आला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाज्यांत त्याने कांद्याची पात, आले, रताळे आणि अळूचे कंद नोंदवले आहेत. १६२४ ते १६६२ या काळात बेटाच्या दक्षिणेत डचांची सत्ता होती. हीच डच कंपनी सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालून बसली होती. फॉर्मोसा, सुंदर बेट, हे नाव त्याआधीच पोर्तुगीज खलाशांनी ठेवलेले. म्हणजे कोकणपट्टी आणि तैवान या दोन किनाऱ्यांवर त्याच काळात त्याच दोन टोप्या दिसत होत्या आणि त्यांच्या जहाजांत तीच रोपे.

इथून पुढे रस्ते फुटतात. आपल्याकडे रताळे देवघराच्या बाजूला गेले, तिकडे भुकेच्या बाजूला. १८९५ ते १९४५ तैवान जपानची वसाहत होता. तिथला चांगला तांदूळ जहाजांतून जपानला जाई आणि पिकवणाऱ्याच्या घरी रताळ्याचा कीस उन्हात वाळवून ठेवत, भाताच्या भांड्यात मूठभर तांदूळ आणि बाकी कीस. डब्यात पांढरा भात दिसला की ते घर खातेपिते. रताळ्याची पाने डुकरांना घालत. आज ऐंशीच्या घरात असलेली माणसे तिथे रताळे समोर आले तर नाक मुरडतात, आयुष्यभराचे खाऊन झाले म्हणतात. नातवंडे मात्र तीच पाने लसूण घालून परतून आवडीने खातात.

सिन्नरकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. १९७२च्या दुष्काळात पूर्व भागातल्या गावांनी दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो, ती लाल ज्वारी, खाल्ली. माझ्या वयाच्या माणसांच्या आयांना अजूनही ‘मिलो’ हा शब्द उच्चारताना तोंड वाकडे करावे लागते. अन्नाला चव असते तशी पतही असते, आणि भुकेच्या वर्षी जे खाल्ले त्याची पत पुढे दोन पिढ्या वर येत नाही. मिलोचे नशीब असे, की तिला कोणी एकादशीला बसवले नाही.

तैवानात त्या हलक्या रताळ्याचे पुढे वेगळेच झाले. नकाशात बेट पाहा, मधे फुगलेले आणि दोन्ही टोकांना निमुळते. हुबेहूब रताळे. बेटावरचे जुने रहिवासी स्वतःला ‘हानजी-आ’, रताळ्याची पोरे म्हणवू लागले. १९४५ नंतर चीनमधून च्यांग कै-शेकचे सरकार आले, १९४९ साली यादवीत हरलेले सैन्य आणि निर्वासित लाखोंनी आले. त्यांना नाव पडले ‘ओ-आ’, अळकुड्या. त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९४७ रोजी पेटलेल्या असंतोषाचे सरकारने जे दमन केले त्यात हजारो माणसे मारली गेली. १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता आणि शाळेत तैवानी बोली बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. त्या काळात रताळे हा शब्द अभिमानाने उच्चारणे म्हणजे एक बाजू घेणे होते. रताळे आणि अळकुडी यांच्यात लग्ने झाली, तेव्हा त्यांच्या मुलांना ‘अळकुडी-रताळे’ म्हणू लागले. ही थट्टा नव्हे, घराघरातले वास्तव होते.

दोघी एका रविवारी ज्युफेन या डोंगरावरच्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावी गेल्या. तिथे अळकुडीच्या पिठाचे जांभळे गोळे आणि रताळ्याच्या पिठाचे केशरी गोळे एकाच वाडग्यात, गोड पाण्यात देतात. फोटोत तो वाडगा मला नुसता रंगीत दिसला. वरची सगळी टिपणे मी त्यानंतर काढली.

मैत्रिणीने याच सुमारास मला एक प्रश्न विचारला होता, थोडा खवचट. ‘काका, उपासाचं सगळंच अमेरिकेचं, तर आपण उपास कसला करतो?’ माझे म्हणणे असे. उपासात जपायची असते ती वस्तू नव्हे, फरक. रोजच्या भाकरीपेक्षा आज वेगळे, एवढी खूण पोटाला पटली पाहिजे. आपल्या लोकांनी ती खूण नव्या कंदांकडून करून घेतली. मात्र ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण तयार झाली याचे कारणही तेच कंद. शेंगदाणा तेलकट, साबुदाणा पिठूळ, रताळे गोड. फळामुळांच्या जुन्या यादीत इतका जोर नव्हता. व्रताने या कंदांना प्रतिष्ठा दिली आणि कंदांनी व्रताची धार बोथट केली, असा हा व्यवहार आहे. तिला हे पटले की नाही ठाऊक नाही. तिने नुसता अंगठा पाठवला.

आता कांद्याबद्दल लिहायला हवे, कारण नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही लेखात तो येतोच. तैवानात शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. त्या चित्रलिपीच्या अक्षराशेजारी खानावळींच्या पाट्यांवर पुष्कळदा स्वस्तिक असते. ते बौद्ध खूण म्हणून. माळकरी मुलीला पहिल्या आठवड्यात या स्वस्तिकाने फार धीर दिला. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की विषय संपतो. तिकडे शाकाहाराचे नियमाने पाच प्रकार छापावे लागतात. निव्वळ, अंड्याचा, दुधाचा, अंडे-दुधाचा, आणि पाचवा म्हणजे पाच उग्र वनस्पती घातलेला. या पाच उग्र वनस्पती म्हणजे कांदा, लसूण आणि त्यांचीच भावंडे. बौद्ध आणि यीग्वानदाव पंथाच्या लोकांना त्या वर्ज्य. यीग्वानदाव १९८७ पर्यंत तिथे बंदी असलेला पंथ होता, आणि आज तिथल्या कितीतरी शाकाहारी खानावळी त्याचे अनुयायी चालवतात. म्हणजे आपला चातुर्मास तिकडे बाराही महिने.

कांदेवाल्या घरात या बातमीवर जी प्रतिक्रिया उमटली असेल तिची कल्पना करावी. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, ती ४ मे २०२४ला उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. मुलगी निघाली तेव्हा चाळीतला कांदा भावाची वाट पाहत होता.

या पाचांतली पाचवी वनस्पती मला विशेष वाटली. चीनमध्ये प्रमाण मानलेल्या ब्रह्मजाल सूत्रात ती ‘शिंगच्यू’ या नावाने येते आणि तैवानच्या लेबलांच्या नियमातही तेच नाव आहे. शिंगच्यू हे संस्कृत ‘हिंगु’चे चिनी उच्चारण. म्हणजे आपले हिंग! वर्ज्याची यादी पोचली, पण वस्तू तिथल्या स्वयंपाकात कधी रुजली नाही. आपल्याकडे कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे त्यांच्या जागी काय घालतात? हिंगच. एका बाजूला जो पर्याय, तोच दुसऱ्या बाजूला निषिद्ध. मुलीच्या आईने सोबत हिंगाची डबी दिली होती. विद्यापीठाजवळच्या ‘सू’ खानावळीच्या मालकीणबाईंना तिने हौसेने वास दिला. बाईंनी मोबाइलवर अर्थ शोधला, डबी झाकण लावून परत दिली आणि हात जोडले. त्यांनी पुस्तकात वाचलेली पाचवी वनस्पती आयुष्यात पहिल्यांदा हुंगली होती.

याच खानावळीत माळकरी मुलीची दुसरी अडचण झाली. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाचे मांसासारखे पदार्थ करतात. मासोळीचा आकार, वर समुद्री शेवाळाची कातडी, कोंबडीच्या तंगडीत हाडाच्या जागी काडी. सगळे नियमाने शुद्ध. तिला ते घशाखाली उतरले नाही. मांस खाणारी मैत्रीण ‘चांगलंय की गं’ म्हणत संपवत होती आणि जी शाकाहारी ती भात-टोफूवर. तिथल्या भक्ताला मांस सोडल्याचे पुण्य हवे, चव सोडायची गरज नाही. आपल्या माळकऱ्याला रूपाचीही शिसारी असते. सोबतीला जातीची आणि घराण्याची जुनी गाठ असते, हे लपवण्यात अर्थ नाही. तैवानात कोणी सू खातो का, यावरून त्याचे कूळ कळत नाही. महिन्यातून दोन दिवस, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, सू पाळणारे खूप. इतर दिवशी सगळे चालते. मुलीला कोणी विचारले, की तू किती दिवस पाळतेस? ‘रोज’ म्हटल्यावर समोरच्याने आदराने मान लववली आणि ‘कधीपासून?’ असे विचारले. जन्मापासून हे उत्तर त्याला नीट समजले नाही.

पालखीचे थोडक्यात सांगतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून सिन्नर तालुक्यातून जाते, दातलीला रिंगण होते. मुलीचे या वर्षी पहिल्यांदा चुकले. तिची हळहळ ऐकून प्रयोगशाळेतल्या एका तैवानी सहकारिणीने दोघींना किनाऱ्याच्या गाडीने दाज्याला नेले. तिथल्या माझू या समुद्रदेवीची पालखी वसंतात नऊ दिवसांत तीनशेहून अधिक किलोमीटर पायी फिरते. वाटेवरची गावे फुकट जेवण घालतात, आणि पालखी अंगावरून जावी म्हणून लोक रस्त्यावर ओळीने पालथे पडतात. देऊळ तेव्हा रिकामे होते. मुलीने ओट्यावर बसून घरी फोन लावला.

४ ऑगस्टला आपली दीप अमावास्या होती. त्याच दिवशी तैवानात सातवा चांद्रमास लागला, भुतांचा महिना. आपला श्रावण आणि तो महिना त्या वर्षी जवळजवळ तंतोतंत एकावर एक पडले. या महिन्यात परलोकाचे दार उघडते आणि ज्यांना कोणी वाली नाही असे मृतात्मे बाहेर येतात. त्यांना भूत म्हणत नाहीत, ‘भले भाऊ’ म्हणतात. दुकानांसमोर, कचेऱ्यांसमोर, चिप्सच्या कारखान्यांसमोर फुटपाथवर टेबले मांडून फळे, बिस्किटे, शीतपेये ठेवतात. हातपाय धुवायला पाण्याचे घमेले आणि टॉवेलही. पेरू आणि टोमॅटो मात्र ठेवत नाहीत. त्यांच्या बिया पोटातून तशाच बाहेर पडतात, म्हणून ती फळे नैवेद्याला अपमानाची. पेरूचा वाण जगाला देणाऱ्या देशात पेरूला हे भोग.

प्रयोगशाळेतल्या भट्टीवर कुरकुऱ्यांचे एक हिरवे पाकीट बारा महिने ठेवलेले असे. त्यावरचे नाव ‘ग्वाय ग्वाय’, म्हणजे शहाण्यासारखे वाग. यंत्राने बिघडू नये म्हणून. पाकीट हिरवेच हवे आणि त्यावरची मुदत संपलेली नसावी. लेथवाल्या वडिलांना हे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की मुदत संपायच्या आत ते बदलायचे कोणी? त्यांच्याकडे खंडेनवमीचा झेंडू पुढच्या खंडेनवमीपर्यंत वाळून लेथला लटकत असतो.

१ सप्टेंबरला दोघी परतल्या. दुसऱ्या दिवशी पोळा होता. तिकडे त्याच दिवशी भुतांच्या महिन्याचे दार बंद होत होते. कांदेवाल्या घरी मी पुरणपोळीला होतो. मुलगी वडिलांना सांगत होती, की तैवानातले जुने शेतकरी गोमांस खात नसत, धर्म म्हणून नव्हे, तर नांगर ओढणाऱ्या जनावराचे उपकार म्हणून. गोमांसाच्या शेवया तिथे प्रसिद्ध झाल्या त्या १९४९ नंतर, बाहेरून आलेल्या लोकांमुळे. वडिलांनी मान डोलावली. मग म्हणाले, ‘आणि कांदा? कांद्याचं काय तिकडं?’ देवाच्या माणसांना तिकडे कांदा चालत नाही, असे तिने सांगितले. ‘म्हणजे आपलं सरकार आणि त्यांचा देव, दोघांचं जमतंय,’ असे म्हणून ते बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायला उठले.